मसलतीचा चहा

माझ्या सासूबाईंचं अंग बाहेर यायचं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी पुरतं उच्चारलं नाही. मामंजी त्याला ‘तो मामला’ म्हणायचे, आक्का ‘तिचं ते’ म्हणायच्या, आणि माझे यजमान काहीच म्हणायचे नाहीत, नुसते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. गर्भपिशवी ढिली होऊन खाली उतरते, एवढंच ते दुखणं. एकामागून एक बाळंतपणं झाली आणि अंथरुणातून उठून लगेच घागरी उचलल्या की पुष्कळ बायकांना होतं. मी चौथीपर्यंत शिकले. चौथीच्या पुस्तकात हे नव्हतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला चौथी पुरते.

आम्ही तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दाना ओलीत भाड्याने राहत होतो. खाली धान्याचं दुकान, वर आम्ही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या पलटणीत सुभेदार होते. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, पलटण मोडली. काही जणांना नव्या फौजेत घेतलं, मामंजींना पेन्शन देऊन घरी पाठवलं. ते घरी आले आणि घराची पलटण झाली. तांब्या कुठे ठेवायचा आणि दार कुणी लावायचं, सगळ्याला हुकूम.

पण त्यांची एक पद्धत मला पहिल्यापासून पटली होती. काही मोठं ठरवायचं असलं की ते बैठकीत सतरंजी घालून मसलत बसवायचे, आणि मसलतीत सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं. मग त्याच्याहून मोठा, मग त्याच्याहून. मामंजी कर्ते म्हणून सगळ्यात शेवटी. मोठा आधी बोलला की बाकीचे ‘जी हुजूर’ करतात आणि कुणाच्या डोक्यात काय होतं ते कळतच नाही, असं ते म्हणायचे. पलटणीत त्यांनी ते पाहिलं होतं. दुसरा नियम असा की मामंजी बोलले की मसलत संपली. त्यांच्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही.

मसलतीला बायका नसायच्या. अपवाद आक्कांचा. आक्का म्हणजे मामंजींची थोरली बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन भावाकडे आलेली. त्या बैठकीच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसायच्या. म्हणजे मसलतीत होत्या असं म्हणता यायचं आणि नव्हत्या असंही म्हणता यायचं. त्यांचा हात कामाला कधी मागे नसे. त्या सगळ्यांचं सगळं करायच्या, आणि मग ते ऐकवायच्या. सासूबाईंना कधी काळी मोठा ताप आला होता, तेव्हा आक्कांनी त्यांना पेज भरवली होती. माझ्या लग्नाच्या आधीची ती पेज मी सून म्हणून आले तेव्हाही रोज वाढली जात होती.

मला सासूबाईंचं दुखणं कळलं ते धुण्यामुळे. त्यांची पाळी जाऊन वर्षं झाली होती आणि कपड्याला रक्ताचे डाग निघाले. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, पान सांडलं असेल.

मी म्हटलं, “आई, पान तिथे सांडत नाही.”

त्या हसल्या, आणि हसता हसता ओटीपोटाखाली हात दाबून बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हसताना, खोकताना, शिंकताना त्यांचा हात नेहमी तिथेच जातो. मी ती त्यांची लकब समजत होते. जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधून त्या कितीतरी वर्षं वावरत होत्या. त्या पट्ट्याने घासून जखम झाली होती.

मी त्यांना टांग्यात घालून बायकांच्या अस्पतालात नेलं. आमच्याकडे अस्पतालच म्हणतात, आणि बदलीला तबादला. हिंदीत राहून ते आमचंच झालं आहे. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, इंदूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या, उंच आणि घाईत असलेल्या. सासूबाई तपासणीच्या टेबलावर पदर तोंडावर घेऊन पडल्या आणि शेवटपर्यंत एका शब्दाने बोलल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून छातीही ऐकली. मला म्हणाल्या, जखम आधी सुकवू या, मलम देते, पट्टा बंद, घागर बंद. पुढचं बोलायला घरातल्या कुणाला तरी पाठवा.

घरातलं कुणी म्हणजे तेव्हा पुरुष. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, पण आम्ही तसंच समजलो. यजमान गेले.

येऊन त्यांनी मामंजींना सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. रस्ते तीन होते. एक, ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची. झालं तर कायमचं सुटलं, पण सासूबाईंना जिना चढताना धाप लागायची, आणि अशा छातीला गुंगीचं औषध सोसेल की नाही याची खात्री नाही. दुसरा, आत रबराची रिंग बसवायची. तिने अंग वर राहतं, जिवाला धोका नाही, पण ती दर थोड्या महिन्यांनी जाणत्या माणसाने काढून, धुऊन, आतली जागा तपासून पुन्हा बसवावी लागते. तशीच राहिली तर आत सडतं. तिसरा रस्ता, काहीच करायचं नाही आणि जखम पुन्हा होऊ द्यायची.

आणि घाईचं एक कारण होतं. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश होत होता, राजधानी भोपाळला जाणार होती. आधीच अर्धं वर्ष ग्वाल्हेर, अर्धं वर्ष इंदूर असं सरकारचं बिऱ्हाड फिरत होतं, आता ते कायमचंच उठलं. टेबलं, कपाटं, बाबू, सगळे चालले होते. माझे यजमान कचेरीत बाबू होते, त्यांचं आणि त्यांच्यामागे माझंही भोपाळला जाणं नक्की झालं होतं. डॉक्टरीणबाईंचाही तबादला तिकडेच. त्यांच्या जागी कोण येणार, बाई येणार की पुरुष, लवकर येणार की खुर्ची रिकामी राहणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशन करायचं तर त्या जायच्या आत करायला हवं होतं. रिंग बसवायची तर पुढे ती बदलणार कोण, हा प्रश्न.

मामंजींनी मसलत बसवली.

सासूबाईंनी चहा केला. आलं ठेचून, दूध जास्त घालून, मामंजींना आवडतो तसा. मी कप घेऊन गेले. यजमान धाकटे म्हणून आधी बोलले, “रिंग. धोका नको.” मग उंबऱ्याआडून आक्का म्हणाल्या, “काही नको. बायकांचं असंच असतं. मलमाने सुकलं की झालं. लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही.” मामंजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, “मामला अर्धवट ठेवायचा नाही. ऑपरेशन.” मसलत संपली. मी रिकामे कप उचलून आत आले तर सासूबाईंनी विचारलं, “साखर बरोबर होती ना?”

मी विचारलं, आत काय बोलत होते माहीत आहे का. त्या म्हणाल्या, “भोपाळचं असेल.”

दुसऱ्या दिवशी यजमान दिवस ठरवायला अस्पतालात गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना कान लाल करून घेतले. त्यांनी सांगितलं, “घरी ठरलं, ऑपरेशन करायचं.” डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या काय म्हणाल्या?” यजमानांनी विचारलं, “कोण?”

संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः आमच्याकडे आल्या. गल्लीत एका बाळंतिणीला बघायला आल्या होत्या, तिथून जिना चढून वर. मामंजी उठून उभे राहिले. बाईमाणसासाठी ते उठलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्या म्हणाल्या, “सुभेदारसाहेब, चूक माझी पण आहे. मी यांना सांगून मोकळी झाले. आता पुन्हा बसू या. पण त्यांना बाहेर बोलवा.”

“ती बैठकीत येत नाही.”

“मग आपण स्वयंपाकघरात बसू.”

मामंजी सुभेदार होते, पण चुलीपाशी बसायला तयार नव्हते. सासूबाई बाहेर आल्या. सतरंजीच्या अगदी कडेला, अर्ध्या फरशीवर बसल्या. मलाही बसवलं, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करणारी हीच आहे. आक्का मात्र उंबऱ्याच्या आतच राहिल्या.

मामंजींनी आपली पद्धत सांगितली, धाकट्याने आधी बोलायचं. डॉक्टरीणबाईंनी ती लक्ष देऊन ऐकली.

“चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्यात मोठे डॉक्टर आधी बोलतात, म्हणून धाकट्यांच्या चुका नाही, मोठ्यांच्याच चुका होतात. पण लढायला जो जाणार त्याला विचारता की नाही?”

“शिपायाला विचारत नाहीत.”

“आणि शिपाई म्हणाला, मला या लढाईत काही मिळवायचंच नाही, तर?”

“असं शिपाई म्हणत नाही.”

“त्याला कुणी विचारत नाही म्हणून.” मग त्या म्हणाल्या, “धाकटी आधी बोलू दे, हरकत नाही. पण या शेवटी बोलतील.”

“शेवटी मी बोलतो. माझ्यानंतर कुणी बोलत नाही.”

“मग आज तुम्ही बोलू नका.”

आक्कांच्या बांगड्या नव्हत्या, नाहीतर वाजल्या असत्या, इतक्या त्या हलल्या.  मला वाटलं आता मामंजी बाईंना जिना दाखवतात. पण त्यांना आपल्या नियमाचा अभिमान होता, आणि कुणीतरी तो नियम न मोडता त्याच्यातूनच त्यांना अडवलं होतं. ते म्हणाले, “ठीक. आज मी बोलत नाही.” आणि त्यांनी हाताची घडी घातली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे चिंचोके मागितले. खेळायला ठेवलेले चिंचोके आमच्याकडे डबाभर होते. मी ताट आणून दिलं. त्यांनी ताटात तीन जागा केल्या, ऑपरेशनची, रिंगची आणि काहीच न करण्याची. मग ऑपरेशनच्या जागेत मूठभर चिंचोके टाकले आणि बोटाने सरकवत सांगू लागल्या. या इतक्या बायका बऱ्या होऊन चालत घरी जातात. या थोड्यांना मागाहून त्रास होतो, लघवीचा, तापाचा. आणि ही एखादी परत येत नाही. मग त्या थांबल्या, बऱ्या झालेल्यांच्या ढिगातून काही चिंचोके उचलून त्यांनी वाईटाच्या ढिगात घातले.

“हे कशाला?” यजमानांनी विचारलं.

“यांना धाप लागते. मी सांगितलं ते धाप न लागणाऱ्या बायकांचं होतं.” आणि म्हणाल्या, “हे मोजून नाही हां. माझ्या हाताखालून गेलेल्या बायकांवरून सांगते आहे. दुसरा डॉक्टर थोडे इकडे तिकडे करील.”

तसेच त्यांनी रिंगचे ढीग केले आणि न करण्याचेही. न करण्याच्या जागेत पुन्हा जखम होणाऱ्यांचा ढीग मोठा होता. आक्का आतून मान लांब करून बघत होत्या.

सासूबाई ताटाकडे बघत होत्या. त्या निवडायला बसल्यासारख्या पुढे वाकल्या आणि एकट्या पडलेल्या त्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. “ह्यांतली मी कुठली?”

“ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं.”

“बरं.” त्यांना त्या उत्तराने धीर आल्यासारखा वाटला. मग म्हणाल्या, “आणि झोपून राहायचं कुठे ठेवलंत?”

“कसलं?”

“ऑपरेशननंतर झोपून राहायचं असतं ना. शेजारणीला ठेवलं होतं. अस्पतालात, आणि मग घरी.”

“ते तर सगळ्यांनाच असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “महिनाभर तरी. उचलायचं नाही, वाकायचं नाही.”

“मग ते पण ठेवा की.”

डॉक्टरीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मामंजींचा अडकित्ता सतरंजीवर होता. तो उचलून त्यांनी ऑपरेशनच्या जागेत, सगळ्या ढिगांच्या मध्ये ठेवला. ताट तिकडे कललं.

मग मसलत सुरू झाली आणि धाकटी म्हणून मला बोलायला सांगितलं. मी त्या घरात पहिल्यांदाच मसलतीत बोलत होते. मी म्हटलं, “त्या महिन्यात मी भोपाळला असणार. मग यांचं करणार कोण?” मला तेवढंच दिसत होतं.

यजमानांनी पुन्हा रिंग म्हटलं, पण या वेळी मागे जोडलं, “बदलायला कुणी मिळालं तर.”

आक्कांची पाळी. त्या तिखट आवाजात म्हणाल्या, “करणार कोण म्हणजे? मी मेले का? महिना काय, वर्षभर करीन. पेज भरवीन, भांडं ठेवीन. आधी पण केलंय.”

 आता मामंजींची पाळी, पण त्यांनी बोलायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना विचारलं, “या ताटातलं तुम्हाला सगळ्यात वाईट कुठलं वाटतं?”

आम्ही सगळे त्या एकट्या चिंचोक्याकडे बघत होतो. सासूबाईंनी अडकित्त्यावर बोट ठेवलं.

“हे? ह्याच्यापेक्षा हे वाईट आहे की,” यजमान चिंचोका दाखवून म्हणाले.

“ते झालं तर मला कुठे कळणार आहे? हे कळेल. रोज कळेल. उठल्यावर पण कळेल.”

आक्का म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातचं पाणी कडू लागतं, असं म्हण की सरळ.”

“कडू नाही, वन्सं. महाग पडतं.”

सासूबाईंनी नणंदेला असं उत्तर दिलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते ऐकून नवल वाटलं असावं, कारण त्यांनी पटकन पदर सारखा केला.  खोटं ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि आक्का खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

मला तेव्हा वाटलं आता त्या म्हणतील, सूनबाईला महिनाभर थांबू दे. तेच सरळ होतं. मी मनातून तयारही झाले होते, आणि मला ते नको होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी माझ्या चुलीवर माझ्या मनाची भाजी करणार होते. पण सासूबाईंनी मला थांबायला सांगितलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “तुम्ही भोपाळला कुठे राहणार?”

“अस्पतालाजवळच. का?”

“आणि हे लोक कुठे राहणार?”

यजमान म्हणाले, सरकारी क्वार्टरं बांधून व्हायची आहेत, तोवर गावात दोन खोल्या बघितल्या आहेत.

“दोन खोल्या,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी अडकित्ता ऑपरेशनच्या जागेतून उचलून मामंजींच्या पुढ्यात सरकवला. ताट पुन्हा सपाट झालं. “मग रिंग बसवा. मी पण भोपाळला जाते. बदलायची झाली की तुमच्याकडे येईन.”

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही तीन रस्ते घेऊन बसलो होतो आणि तिन्हींमध्ये सासूबाई ग्वाल्हेरलाच होत्या. कचेरी हलणार, डॉक्टरीण हलणार, मुलगा हलणार, राज्याची हद्द हलणार, फक्त सासूबाई हलणार नाहीत हे आम्ही न बोलता धरून चाललो होतो. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा.

मामंजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. ते आज बोलणार नव्हते. आपल्या तोंडाने तसं म्हणून बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना आणखी एकदा नीट विचारलं. रिंगने सुटका नाही, कायम मागे लागणार. वय वाढलं की छाती आणखी कमजोर होईल, मग ऑपरेशन करावंसं वाटलं तरी करता येणार नाही. मी तिथून पण बदलून जाईन कधीतरी. हे सगळं धरून सांगता ना? सासूबाई म्हणाल्या, “धरून सांगते.” डॉक्टरीणबाईंनी चिंचोके गोळा करून मला परत दिले, मसलत संपली ना म्हणून विचारून घेतलं आणि जिना उतरून गेल्या.

त्या गेल्यावर मामंजी पहिलं वाक्य बोलले, “आणि माझं जेवण?”

आक्का आतून म्हणाल्या, “मी आहे की.”

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या.

सासूबाई आमच्याबरोबर येणार म्हणून मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन खोल्यांत सासू म्हणजे माझी चूल पुन्हा माझी नाही. पण त्यांनी मला विचारून ठरवलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दुखणं त्यांचं होतं. मला पटलं नसतं तर मी तेव्हाच बोलायला हवं होतं. धाकटी म्हणून माझी पाळी तर पहिलीच होती.

आम्ही भोपाळला गेलो. रिंग बसली. सासूबाई जिना उतरताना कठड्याला धरेनाशा झाल्या. संध्याकाळी तळ्याकडे चालत जायच्या, आणि हसताना हात खाली जायचा थांबला. थांबला तरी बरेच दिवस अर्ध्यावर येऊन परत फिरायचा. पुढे एकदा रिंगने आत जखम झाली, काही आठवडे काढून ठेवावी लागली, तेव्हा त्या फार वैतागल्या. दाना ओलीतली शेजारीण ऑपरेशन करून घागरी उचलत होती, हे आक्का दर चिठ्ठीत कुणाकडून तरी लिहवून यजमानांना कळवायच्या. यजमानांनी एकदा वाचून दाखवल्यावर मी सासूबाईंना विचारलं, चुकलं वाटतं का. त्या म्हणाल्या, “तिची गाठ पडली चांगल्या ढिगाशी. माझी पडली असती की नाही, ते त्या बाईंना पण माहीत नव्हतं. मला जे माहीत होतं त्यावर मी ठरवलं.” मग म्हणाल्या, “आणि तिची नणंद पुण्याला असते.”

मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुष्कळ पुढे आले आहे. ग्वाल्हेरला परतून आम्ही आधी थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात आणि मग दर्पण कॉलनीत राहिलो. आता डॉक्टर छापील कागद देतात, त्यावर माणसांची चित्रं ओळीने असतात, काही हिरवी, काही लाल. नात मला समजावते, “आजी, देखो, ये वाले ठीक हो जाते हैं.” मला समजतं. मी ते ताटात पाहिलेलं आहे. अडकित्ता कुठे ठेवलाय ते मात्र कागदावर नसतं, ते आपणच विचारावं लागतं.

आम्ही भोपाळला गेलो तेव्हा मामंजींनी ग्वाल्हेर सोडलं नाही. पण थंडी सरायच्या आत ते बिस्तर बांधून भोपाळला आले, पत्र न पाठवता. पाहणीला आलो म्हणाले. आक्कांच्या स्वयंपाकाबद्दल एक शब्द काढला नाही, पण पहिल्या जेवणाला चारदा भात मागून घेतला. दुसऱ्याच दिवशी रिंग बदलायची होती. मी निघाले तर म्हणाले, तू राहा, मी नेतो. तरी मी मागोमाग गेले, कारण मामंजी अस्पतालात काय करतील याचा मला भरवसा नव्हता.

ते व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसले होते, टोपी मांडीवर. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सासूबाई आत कपडे सारखे करत होत्या. बाईंनी मामंजींना ओळखलं आणि सवयीने सांगायला लागल्या, “सुभेदारसाहेब, असं आहे, आतली जागा—”

मामंजी उठून उभे राहिले. म्हणाले, “मला नको. तिला सांगा. ती मला सांगेल.”

डॉक्टरीणबाई वळल्या आणि आत गेल्या. दार लागलं. मामंजी पुन्हा बसले आणि दाराकडे बघत राहिले.

सासूबाई बाहेर आल्या तसे त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या. पायऱ्या उतरताना विचारलं. टांग्यात पाय ठेवताना पुन्हा विचारलं.

“सांगते,” सासूबाई म्हणाल्या. “घरी जाऊन चहा पिऊ, मग सांगते. आज सूनबाई करील.”